आचारसंहिता लागली आणि दूध आमच्या गळ्यात पडलं

१५ ऑक्टोबर २०२४ ला दुपारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली आणि दुसऱ्याच दिवशीच्या कोजागिरीचं आमच्या सोसायटीचं दूध गेलं. आमच्या भागातले एक इच्छुक दरवर्षी आसपासच्या सोसायट्यांना मसाला दूध पुरवायचे. मोठं पातेलं त्यांचं, आचारी त्यांचा, फोटोचा फ्लेक्स त्यांचा आणि दुधाआधीचे 'दोन शब्द'ही त्यांचेच. त्या संध्याकाळी त्यांच्या माणसाचा फोन आला, की साहेबांना यंदा जमणार नाही, खर्चात धरतात. रात्रीपर्यंत कोपऱ्यावरचा फ्लेक्सही उतरला.

व्हॉट्सअॅपच्या गटावर थोडी हळहळ झाली. मग चेअरमननी लिहिलं, 'यंदा कोजागिरी साधेपणाने.' साधेपणाने म्हणजे डेअरीतून तयार दूध आणून कागदी कपात वाटायचं. खरं सांगायचं तर त्या आचाऱ्याचं दूध मला कधीच आवडलं नव्हतं. पिवळंजर्द, कस्टर्ड पावडरीने आळवलेलं, केशराच्या इसेन्सचा घमघमाट आणि वर तांब्याभर पाणी प्यावं लागेल इतकं गोड. पण फुकटच्या दुधाला नावं कोण ठेवणार? ही संधी बरी होती. मी गटावर टाकलं, 'दर घरी दीडशे रुपये काढा, दूध आपणच करू. मसाल्याचं माझ्याकडे लागलं.'

आमची सोसायटी जुळे सोलापुरात. चोवीस फ्लॅट, लहानमोठी मिळून नव्वदेक माणसं, म्हणजे वीस लिटर दूध. माझं माहेर पंढरपूरजवळचं. घरी म्हशी होत्या, त्यामुळे कोजागिरीला आठ-दहा लिटर दूध चुलीवर आटताना लहानपणापासून पाहिलेलं. वीस लिटर म्हणजे त्याचं दुप्पट, त्यात काय मोठंसं, असं लोक म्हणत होते. तसं नसतं. दोन लिटर दूध गॅसवर ठेवून तुम्ही फोनवर बोलू शकता. वीस लिटरला एक माणूस सतत उलथनं घेऊन उभा लागतो. आणि हा उभा राहणारा माणूसच आमच्याकडे नव्हता.

कारण कोजागिरीला सोलापूरचे दंड आणि पाय दोन्ही तुळजापूरच्या वाटेवर असतात. दसऱ्यानंतर तुळजाभवानी निद्रेला जाते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या दर्शनाला सोलापुरातून हजारो माणसं चालत निघतात. पंचेचाळीसेक किलोमीटरची वाट, रात्रभर चालायचं. रस्ता वाहनांना बंद होतो, तामलवाडीच्या अलीकडे-पलीकडे मंडळांचे चहा-फराळाचे मंडप लागतात. आमच्या इमारतीतली पातेली उचलणारी सगळी पोरं दुपारीच टॉवेल गळ्यात टाकून निघणार होती. मागे उरले आम्ही: मी, तळमजल्यावरच्या काकू, दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त भौतिकशास्त्राचे सर, चेअरमन आणि दहावीतली एक मुलगी. तिला अभ्यासातून सुटका हवी होती.

सकाळी सात वाजता गवळ्याला गाठलं. कोजागिरीच्या दिवशी सुट्या दुधाचा भाव चढतो, हे गृहीतच धरायचं. एरवी बहात्तरने मिळणारं त्या दिवशी ऐंशीने मिळालं आणि घासाघीस केली नाही, कारण तो पंढरपुरी म्हशींचं दूध देतो. पंढरपुरी म्हैस म्हणजे तलवारीसारख्या लांबलचक शिंगांची, सोलापूर-कोल्हापूरकडची. कोल्हापुरात कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात तीही बहुतेक हीच. तिच्या दुधाला फॅट सात-आठ टक्क्यांपर्यंत लागते. पिशवीतल्या फुल क्रीम दुधात ती ६ टक्के, टोन्डमध्ये ३. टोन्ड दूध कितीही आटवा, ते घट्ट होतं पण जिभेवर उतरत नाही. मग कस्टर्ड पावडर नाहीतर काजूची पेस्ट घालून ते सावरावं लागतं. पिशवीच आणायची असेल तर फुल क्रीमच आणावी, एवढंच माझं म्हणणं. त्यात वाईट काही नाही.

साडेचारच्या धारेचं दूध सव्वापाचला तीन किटल्यांतून आलं. इथे माझ्या आईचा एक नियम आहे, तो मी कुणाचंही न ऐकता पाळते: दूध आल्या आल्या एकत्र ओतायचं नाही. प्रत्येक किटलीतलं वाटीभर दूध वेगवेगळ्या भांड्यात उकळून बघायचं. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात किटली कुठे नीट धुतलेली नसली तर दूध वासाला चांगलं असतं आणि उकळताना फाटतं. एका किटलीपायी तिन्हींचं दूध जायला वेळ लागत नाही. चेअरमन म्हणाले, "अहो, रोजचा गवळी आहे तो." मी म्हटलं, "रोज आपण वीस लिटर कुठे घेतो?" तिन्ही वाट्या नीट उकळल्या. वाट्यांतलं दूध दहावीतल्या मुलीने पिऊन टाकलं.

पातेलं भाड्याचं. तीस लिटरचं, जाड बुडाचं जर्मलचं. वीसपैकी सतरा लिटर त्यात आटवायचं होतं; सतरा लिटरला तीस लिटरचं भांडं हवंच, नाहीतर उकळी आली की फेस काठावर येतो आणि माणसं घाबरून गॅस बंद करत बसतात. पातेल्याला आदल्या कुठल्यातरी जेवणावळीतल्या रश्श्याचा वास होता. असा वास साबणाने जात नाही. काकूंनी बेसन आणि गरम पाण्याने ते दोनदा घासलं, मग पाणी भरून खळखळून उकळलं, ओतून टाकलं. चिंच-लिंबू लावू दिलं नाही. खाचेत कुठे आंबट राहिलं तर पुन्हा फाटण्याचं भय. शेवटी पातेलं ओलंच ठेवून त्यात दूध ओतलं. कोरड्या भांड्यात दूध ओतू नये हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. सगळं त्याने भागत नाही, पण सुरुवातीला दूध बुडाला धरत नाही एवढं खरं.

उरलेलं तीन लिटर मी आधीच बाजूला काढलं. इमारतीत बिनसाखरेचे आठ-दहाजण आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाला सुक्या मेव्याची अॅलर्जी आहे. त्याच्यासाठी त्यातलंच पेलाभर दूध वेगळ्या छोट्या पातेलीत, वेगळ्या चमच्याने, नुसती साखर-वेलदोडा घालून. हे काम मसाल्याचा डबा उघडायच्या आधी करायचं. नंतर ओट्यावर सगळीकडे बदामाची पूड उडालेली असते.

मसाला मी दुपारीच केला होता. आदल्या रात्री पैसे जमले आणि सकाळी मधला मारुतीच्या बाजारात जाऊन मेवा आणला: बदाम ३०० ग्रॅम, काजू २००, बिनमिठाचे पिस्ते २००, चारोळी १००, वेलदोडे २५ ग्रॅम, एक ग्रॅम केशर. दुकानदाराने तयार मसाल्याची पुडी पुढे केली, 'ताई, दोन पुड्यांत काम होतंय.' होतं खरं. पण पुडी बहुधा कधीतरी आधी फोडून दळलेली असते; बदाम-पिस्त्याचं तेल हवेला लागून खवट व्हायला लागतं आणि ते झाकायला वरून वास घालतात. घरी केलेल्या मसाल्यात आपण काय टाकलं एवढं तरी आपल्याला ठाऊक असतं.

बदाम, काजू आणि पिस्ते कढईत जेमतेम गरम केले, रंग बदलू दिला नाही. भाजल्याचा वास दुधाला लागला तर ते मसाला दूध न राहता लाडूसारखं लागतं. गरम करायचं ते फक्त ओल जावी म्हणून. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवले, दोन चमचे साखर सोबत घालून. मिक्सर सलग चालवला की आत उष्णता होते, मेव्याला तेल सुटतं आणि पुडीचा गोळा होतो. साखर ते तेल थोडं शोषून घेते. काजू अगदी बारीक, कारण दुधाला अंग तोच देतो. बदाम रव्यासारखा. पिस्त्यातले निम्मे पूड, निम्मे काप. चारोळी तशीच, अख्खी. काही जण बदाम भिजवून, सोलून, वाटून घालतात. ते दूध जास्त मुलायम होतं हे कबूल, पण नव्वद माणसांचं दूध दोन-तीन तास गरम राहणार असेल तर मला ओलं वाटण नको वाटतं. शिवाय दाताखाली काही आलं नाही तर लोकांना मेवा घातलाय यावर विश्वास बसत नाही.

वेलदोडे सोलून दाणे साखरेबरोबर वेगळे कुटले. टरफलं चहाच्या डब्यात. हे दाणे बाकीच्या मसाल्यात मिसळले नाहीत, कारण त्यांची वेळ वेगळी.

जायफळ आमच्या वहिनींच्या माहेरचं, गुहागरकडचं. तिकडे नारळी-पोफळीच्या बागांत सावलीला जायफळाची झाडं असतात. दुकानात मिळतं ते कधी कधी इतकं जुनं असतं की किसणीवर भुकटीच पडते. ताजं असेल तर किसताना बोटं किंचित तेलकट होतात. सतरा-वीस लिटरला एक अख्खं जायफळसुद्धा मी घालत नाही, पाऊण घातलं. जास्त झालं की दूध कडवट लागतं, आणि जायफळाने गुंगी येते. गंमत बघा, रात्रभर जागण्याचा हा सण, लक्ष्मी विचारत फिरते कोण जागं आहे म्हणून, आणि आपण पिणार काय, तर गरम दूध आणि जायफळ. बाळाला झोपवायला आजी याहून वेगळं काय देते?

केशराची डबी उघडल्यावर सरांनी लगेच परीक्षा मांडली. दोन काड्या कोमट पाण्यात टाकल्या. नकली असेल तर रंग भसकन सुटतो आणि काडी पांढरी पडते. खरं केशर सावकाश पिवळं होत जातं आणि काडी लालच राहते. आमचं खरं निघालं. मग ते खलात चिमूटभर साखरेबरोबर घोटून वाटीभर कोमट दुधात भिजत ठेवलं. एका ग्रॅमने वीस लिटरला पिवळा रंग येत नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हलकी साईच्या रंगाची झाक येते, बस. रंगासाठी चिमूटभर हळद टाकायची पद्धत अनेक घरांत आहे. मी टाकत नाही. मला ते आजारपणातलं दूध वाटतं.

साडेसातला शेगडी पेटली, खाली पार्किंगमध्ये. गच्चीवर वाऱ्याने ज्योत फडफडते आणि एका बाजूने दूध लागतं, म्हणून. आमच्या मंडपवाल्याने व्यावसायिक वापराचा निळा, १९ किलोचा सिलिंडर आणि तीन पायांची मोठी शेगडी दिली होती. दुधाला पहिली उकळी यायला पाऊण तास लागला. ती आल्यावर चेअरमन म्हणाले, "झालं की मग." सर हसले. त्यांनी दुपारीच वहीत हिशेब केला होता: गार दूध उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, जवळपास तिच्या दुप्पट उष्णता त्यातला पाव भाग वाफ करून घालवायला लागते. म्हणजे उकळी आली तेव्हा काम एक तृतीयांश झालेलं असतं. हे मला आयुष्यभर हाताने माहीत होतं, आकड्यात पहिल्यांदाच कळलं. मग सरांच्या शब्दाला वजन आलं आणि कुणी 'झालं का' विचारायला येईना.

आता ढवळण्याचं. त्यासाठी गोल डाव चालत नाही. डाव दुधात फिरतो, बुडाला टेकत नाही. सरळ धारेचं, लांब दांड्याचं लाकडी उलथनं लागतं, आणि ते बुडावरून खरवडल्यासारखं सगळीकडे फिरवायचं. मध्यभागी जास्त, कारण ज्योत तिथे असते. दुधातली प्रथिनं तापल्या धातूवर थर धरतात, थर जाड झाला की करपतो आणि करपल्याचा वास सगळ्या दुधात भिनतो. तो वास वेलदोड्याने जात नाही, केशराने जात नाही, कशानेच जात नाही. आणि समजा बुडाला लागल्याचं उलथन्याला जाणवलंच, तर खरवडायचं नाही. गॅस बंद करून वरचं दूध हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढायचं आणि खालचं तिथेच सोडून द्यायचं.

पाळ्या लावल्या. काकू बहात्तर वर्षांच्या, पण त्यांचा हात सगळ्यांत एकसारखा चालत होता. सर मोजून मोजून ढवळत. चेअरमन पाच मिनिटांत उलथनं सोडून फोन घ्यायचे, म्हणून त्यांना गॅसची ज्योत सांभाळायला दिली. दहावीतल्या मुलीने सुरुवातीला नाक मुरडलं, पण नंतर ती उलथनं कुणाला देईना. कडेला जमणारी साय ती अलगद आत मोडत होती. बासुंदीसाठी साय कडेला चिकटू देतात, मग खरवडून आत घेतात, तिचे तुकडे हवे असतात. पिण्याच्या दुधात तुकडे ओठाला लागले की अर्धी मुलं पेला खाली ठेवतात. म्हणून साय धरायच्या आत मोडायची.

किती आटवायचं यावर दर कोजागिरीला भांडण असतं. आमच्याकडेही एक गट 'अर्धं करा' म्हणत होता. अर्धं केलं की ती बासुंदी होते. दोन घोटांत पोट भरतं. पाव भाग आटलं की पुरे, असं माझं मत. ओळखायला सोपी युक्ती आहे. दूध ओतल्या ओतल्या उलथनं उभं धरून दुधाची रेघ दांड्यावर सुरीने खुणावून ठेवायची, आणि बुडापासून त्या रेघेपर्यंतच्या उंचीचा पाव भाग खाली दुसरी खूण करायची. सरळ उभ्या भिंतीच्या पातेल्यात हे बरोबर चालतं, कढईत नाही. दूध दुसऱ्या खुणेला टेकलं तेव्हा पावणेदहा वाजून गेले होते.

मध्येच गुळाचा वाद झाला. चौथ्या मजल्यावर नवीन राहायला आलेलं जोडपं, दोघंही तब्येतीला जपणारी. "काकू, साखरेऐवजी सेंद्रिय गूळ टाकूया ना." मी हातातली साखरेची पिशवी तशीच धरून ठेवली. गूळ थोडा आंबट असतो, त्यात क्षार असतात. उकळत्या दुधात पडला तर सतरा लिटरचं पनीर व्हायचं. टाकायचाच तर गॅस बंद करून, दूध बरंच निवल्यावर टाकतात, आणि तरीही गूळ कसा निघेल याचा भरवसा नसतो. त्यांना बिनसाखरेच्या पातेलीतलं दूध देते, कपात हवा तेवढा गूळ घालून घ्या, असं सांगितलं. घेतला त्यांनी. कपातल्या कोमट दुधात काही बिघडलं नाही आणि ते खूश.

साखर दूध आटल्यावरच. आधी घातली की बुडाला लागायची भीती वाढते, आणि दुसरं म्हणजे दूध आटताना त्याची स्वतःची गोडी वाढत जाते, ती चाखल्याशिवाय साखर ठरवता येत नाही. सतरा लिटरला एक किलो चारशे ग्रॅम काढून ठेवली होती. आधी किलोभर घातली, विरघळू दिली, तीनजणांनी चाखली, मग उरलेलीतली निम्मी. थोडी पिशवीतच राहिली. साखर पडली की दूध एकदम पातळ झाल्यासारखं वाटतं. तिथे घाबरून आणखी आटवायला लागू नये. मेवा पडल्यावर ते पुन्हा अंग धरतं.

मग मेव्याची पूड, थोडी थोडी, एका हाताने भुरभुरत आणि दुसऱ्या हाताने ढवळत. काजू एकदम पडला की गुठळी होते. दहा मिनिटं मंद आचेवर. मग केशराची वाटी, वाटी दुधाने विसळून तेही आत. गॅस बंद. वेलदोडा आणि जायफळ सगळ्यांत शेवटी, गॅस बंद झाल्यावर, आणि लगेच झाकण. या दोघांचा वास उडून जाणारा. आधी घातला तर स्वयंपाक करणाऱ्यालाच मिळतो, पिणाऱ्याला नाही. पार्किंगमध्ये तेव्हा जो वास सुटला त्याने शेजारच्या इमारतीतली दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. त्यांनाही वर बोलावलं.

चौदा लिटर गरम दुधाचं उघडं पातेलं जिन्याने नेणं म्हणजे वेडेपणा. गवळ्याच्या किटल्या आम्ही संध्याकाळीच उकळत्या पाण्याने धुऊन ठेवल्या होत्या, झाकणाच्या. त्यांत भरून लिफ्टने वर.

गच्चीवर ढग येत-जात होते. पौर्णिमा त्या दिवशी रात्री पावणेनऊच्या सुमारास लागत होती, म्हणून पंचांग बघणारेही समाधानी. आदल्या वर्षीसारखा घोळ नको होता. २०२३ ची कोजागिरी २८ ऑक्टोबरला आली, त्याच रात्री एकनंतर खंडग्रास चंद्रग्रहण, आणि वेध दुपारपासूनच. निम्म्या लोकांनी दूध घेतलं, निम्म्यांनी हात लावला नाही, आणि गच्चीवर दोन तट पडले होते. या वेळी चंद्र उलट वर्षातल्या सगळ्या पौर्णिमांपेक्षा जवळ, सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर. सरांनी ते सांगितलं, लोकांनी मान वर करून 'मोठा दिसतोय खरा' म्हटलं. ढगाआड असतानाही म्हटलं.

पहिलं दूध चांदीच्या वाटीत काढून चंद्राला दाखवलं. शेजारी नारळ, पोहे. मग काकूंनी त्यांच्या थोरल्या मुलाला पाटावर बसवलं. आश्विनीला, म्हणजे याच पौर्णिमेला, थोरल्या अपत्याला ओवाळतात. मुलगा बावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, बँकेत मॅनेजर. धाकटे दोघं मागे उभे राहून चिडवत होते, "आम्हाला कधीच नाही ओवाळलं." काकू म्हणाल्या, "तुम्ही आधी यायचं होतं." पलीकडच्या कन्नडभाषक आजींकडे याच दिवशी शीगी हुण्णिमे असते, शेतातल्या उभ्या पिकाची पूजा. त्या गावाकडून परत येताना डबा भरून आल्या होत्या. तो डबा दुधाच्या आधी संपला. खाली कुणीतरी भेळ कालवली होती. कांदा, चिंच आणि वर दूध, हे विरुद्ध अन्न आहे असं एक आजोबा दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी दोन्ही खातात.

वाढताना एकच खबरदारी: प्रत्येक ओगराळ्याआधी तळापासून ढवळायचं. मेवा खाली बसतो. नाही ढवळलं तर पहिल्या माणसाला केशरी दूध आणि शेवटच्या माणसाला बदामाची खीर मिळते. आमच्याकडे दोघंजण ते जाणून मुद्दाम रांगेत शेवटी उभे होते. त्यांची निराशा झाली. कागदी कप आणले नाहीत, घरून पेले-फुलपात्रं आणायला सांगितली होती. गरम दूध स्टीलच्या पेल्यात हाताला चटका देतं, पण मग माणूस घाईने पिऊन उठत नाही, बोलत बसतो. दुसऱ्या दिवशी गुरुवार, ऑफिसं होती, तरी साडेबारापर्यंत गच्ची भरलेली होती. अकोल्याकडच्या वहिनींनी भुलाबाईची गाणी म्हटली. त्यांच्याकडे महिनाभर चाललेली भुलाबाई कोजागिरीलाच संपते. इकडच्या बायकांना हादगा ठाऊक, ही गाणी नवी. पण चाल ओळखीची वाटली की टाळी आपोआप पडते.

चव कशी झाली हे मी सांगणं बरं नव्हे. गोडी कमी पडली असं चेअरमनचं मत. रंग नाही आला, असं आणखी दोघांचं. पण किटल्यांत शेवटी दीडेक लिटर उरलं, तेही मी मुद्दाम राखलं म्हणून. खर्च तीन हजार तीनशेच्या आत बसला, भांडी-शेगडीच्या भाड्यासकट. उरलेले तीनशे काकूंनी हिशेबाच्या वहीत लिहून ठेवले आणि समोर 'पुढच्या वर्षीचं केशर' असं लिहिलं. निवडणूक असो-नसो, आता दूध आपणच करायचं, असं त्यांनी कुणाला न विचारता ठरवून टाकलंय. चेअरमन अजून 'बघू' म्हणतात.

राखलेलं दूध तुळजापूरला गेलेल्या पोरांचं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी बसने आली, तळव्यांना फोड, कपाळाला कुंकू. मी म्हटलं, बसा, मंद आचेवर ढवळत गरम करून देते. त्यांतल्या थोरल्याने फ्रिज उघडला, पातेली तशीच तोंडाला लावली आणि म्हणाला, "नको काकू, गारच भारी लागतंय."